मालगुडीचं स्टेशन आणि म्हैसूरची आग

श्रोतेहो, मागच्या हिवाळ्यात मी आणि माझा मुलगा गाडी घेऊन पाच दिवस कर्नाटकात हिंडलो. कुणाचं लग्नकार्य नव्हतं, कुठल्या दर्ग्याचा उरूस नव्हता. दूरदर्शनच्या जुन्या मालिकांचं चित्रीकरण जिथं झालं, त्या जागा मला पाहायच्या होत्या. मुलगा गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून त्याला जुन्या गोष्टी सांगत होतो. त्या प्रवासाविषयी आज बोलायचं आहे. पण त्याआधी थोडं मागं जाऊ.

आमच्या मिरजेत दूरदर्शन आलं तेव्हा ते घरोघरी नव्हतं, गल्लीत एखाद्या घरी होतं. भारतात दूरदर्शनची सुरुवात १९५९ साली दिल्लीत झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९८२ साली एशियाडच्या निमित्तानं रंग आले आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ साली ‘हम लोग’ आली, तिथून मालिकांचा जमाना सुरू झाला. लहान गावांना एकच वाहिनी दिसायची. त्यामुळं रात्री जे मिरजेत दिसे तेच मेरठला आणि तेच मदुराईला. शेजारच्या काकूंच्या घरी आम्ही पोरं सतरंजीवर बसायचो. दारात चपलांचा ढीग पडायचा. काकू म्हणायच्या, “अरे, आवाज करू नका, स्वामी आला.”

हा स्वामी म्हणजे ‘मालगुडी डेज’मधला दहा वर्षांचा पोरगा. शाळेला कंटाळणारा, बापाला घाबरणारा, आजीला चिकटणारा. मालिका १९८६ साली सुरू झाली. दिग्दर्शक शंकर नाग, निर्माते टी. एस. नरसिंहन, संगीत एल. वैद्यनाथन यांचं. ‘ता ना ना ना’ ही धून ज्यांनी तेव्हा ऐकली, त्यांच्या कानात ती अजून आहे. स्वामीच्या भूमिकेत मास्टर मंजुनाथ, वडील गिरीश कार्नाड, आई वैशाली कासारवल्ली. सुरुवातीला दिसणारी रेखाचित्रं आर. के. लक्ष्मण यांची. म्हणजे धाकट्या भावानं थोरल्या भावाच्या गोष्टींना चित्रं काढली. कारण गोष्टी होत्या आर. के. नारायण यांच्या.

मालगुडी नावाचं गाव जगात कुठंही नाही. नारायण यांनी ते १९३० साली बंगळुरात बसून मनात वसवलं. गावाआधी त्यांना दिसलं ते रेल्वे स्टेशन. मग त्याला सरयू नावाची नदी मिळाली, मेंपीचे डोंगर मिळाले, मार्केट रोड मिळाला, कबीर गल्ली मिळाली, अल्बर्ट मिशन शाळा मिळाली. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही कादंबरी १९३५ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती प्रसिद्ध व्हावी म्हणून ग्रॅहम ग्रीन या मोठ्या लेखकानं खटपट केली. पुढं सहा दशकं नारायण त्याच गावाविषयी लिहीत राहिले.

अशा मनातल्या गावाचं चित्रीकरण करायचं कुठं, हा प्रश्न सोपा नव्हता. नारायण एकदा पोळले होते. त्यांच्या ‘गाइड’ कादंबरीवर १९६५ साली हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा त्यांचं लहानसं मालगुडी उचलून थेट राजस्थानात नेलं गेलं. पडद्यावर महाल आले, तलाव आले. चित्रपट गाजला, पण नारायण यांना तो आपला वाटला नाही. तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. म्हणून शंकर नाग यांनी मालगुडीसाठी जागा शोधली, ती महालांची नव्हती. ती कौलारू घरांची होती. शिमोगा जिल्ह्यातलं, तीर्थहळ्ळी तालुक्यातलं आगुंबे. काही भाग बंगळुरात आणि तुमकूरजवळच्या देवरायनदुर्गात झाले, पण मालगुडीचा जीव आगुंब्यातच आहे.

आम्ही मिरजेहून चिकोडीमार्गे बेळगाव, हुबळी, हावेरी करत दावणगेऱ्याला पोचलो. सरळ शिमोग्याला वळता आलं असतं. पण मी मुलाला म्हटलं, “थोडं पुढं घे. आनगोडूला थांबायचंय.”

“तिथं काय शूटिंग झालं होतं, अब्बा?”

“नाही. तिथं शंकर नाग गेला.”

चित्रदुर्गाच्या दिशेनं काही किलोमीटरवर आनगोडू लागतं. ३० सप्टेंबर १९९० च्या पहाटे याच हमरस्त्यावर शंकर नाग यांच्या मोटारीला अपघात झाला. पत्नी आणि मुलगी बचावल्या, ते गेले. वय अवघं पस्तीस. आपल्या श्रोत्यांपैकी अनेकांना माहीत नसेल, पण हा माणूस आपलाही होता. जन्म होन्नावरजवळचा, घरची भाषा कोकणी. मुंबईत आला आणि मराठी रंगभूमीवर रमला. तिथंच त्याची आणि अरुंधती राव यांची भेट झाली. चापेकर बंधूंवरच्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्याचा हात आहे. कार्नाडांच्या ‘ओंदानोंदु कालदल्ली’ या चित्रपटानं १९७८ साली त्याला पडद्यावर आणलं. त्यातल्या अभिनयाबद्दल भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला. पुढं बारा वर्षांत त्यानं एवढं काम केलं की पाहणाऱ्याला धाप लागावी.

आनगोडूच्या टपरीवर चहा घेताना मी नुसतं ‘शंकर नाग’ म्हटलं. चहावाल्यानं काही न बोलता रस्त्याकडं बोट केलं. तो अपघाताच्या वेळी जन्मलाही नसावा. ‘ऑटो राजा’ या चित्रपटात शंकर नाग यांनी रिक्षावाला रंगवला, तेव्हापासून कर्नाटकातले रिक्षावाले त्यांना आपला मानतात. अजूनही रिक्षांच्या मागं त्यांचं चित्र दिसतं. पत्नी अरुंधती नाग यांनी २००४ साली बंगळुरात ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह उभं केलं. एका माणसाची आठवण राहावी म्हणून एवढ्या जणांनी एवढं केलं. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिमोग्याहून सागरच्या दिशेनं निघालो. वाटेत रिप्पनपेटच्या अलीकडं अरसाळू नावाचं छोटं स्टेशन आहे. मालिकेतलं मालगुडी स्टेशन ते हेच. तेव्हा शिमोगा–तालगुप्पा या मार्गावर मीटरगेज होती. गाड्या थोड्या, गर्दी नाही, आजूबाजूला झाडी. चित्रीकरणाला याहून सोयीचं स्टेशन मिळणं कठीण. पुढं रूळ बदलले, रुंद झाले, जुनी इमारत निरुपयोगी होऊन पडली. ती पाडली गेली असती तर कुणी तक्रारही केली नसती. पण रेल्वेनं ती दुरुस्त केली आणि २०२० साली तिथं मालगुडी संग्रहालय उघडलं. मालिकेचे कलादिग्दर्शक जॉन देवराज यांचीच त्या कामात मदत घेतली गेली. ज्या माणसानं पस्तीस वर्षांपूर्वी खोटं गाव उभारलं, त्याच्याच हातानं ते पुन्हा सजलं.

आम्ही आत फिरलो. मी प्रत्येक वस्तूपाशी थांबत होतो. मुलगा माझ्या मागं हात बांधून चालत होता. बाहेर येऊन बाकावर बसलो तेव्हा तो म्हणाला, “अब्बा, राग नका मानू. पण जे गाव कधी नव्हतंच, त्याचं म्युझियम बघायला आपण एवढे लांब आलो?”

मी म्हटलं, “गाव नव्हतं, पण आमचं बालपण होतं ना!” उत्तर त्याला पटलं की नाही कोण जाणे. मला स्वतःला ते अर्धंच पटलं.

तिथून तीर्थहळ्ळीमार्गे आगुंबे. या तालुक्यात कुवेंपूंचं कुप्पळ्ळी आहे, यू. आर. अनंतमूर्तींचं मेळिगे आहे. एका तालुक्यात एवढं साहित्य पिकतं, त्याला पावसाचाही हातभार असावा. आगुंबे सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणून त्याला दक्षिणेचं चेरापुंजी म्हणतात. आपल्या महाबळेश्वरलाही मागं टाकेल असा. आम्ही गेलो तेव्हा आकाश निरभ्र होतं आणि घाटमाथ्यावरून पश्चिमेला, दूर खाली, अरबी समुद्राची रेघ दिसत होती.

गाव म्हणजे एक रस्ता आणि दोन्ही बाजूला उतरत्या छपरांची घरं. त्यातलं एक ‘दोड्डमने’, म्हणजे मोठं घर. भला मोठा चौक, काळे गुळगुळीत लाकडी खांब, माजघरात अंधार आणि चौकात ऊन. मालिकेतल्या कितीतरी घरांची दृश्यं इथं चित्रित झाली. आम्ही दारात उभे राहिलो तर आतून कषायाचे पेले आले. कषाय म्हणजे धणे-जिरे, मिरी घालून केलेला दुधाचा काढा. पेला ओठांना लावला आणि मला मिरजेच्या काकूंचं घर आठवलं. तीच सतरंजी, तोच चपलांचा ढीग.

गावातल्या एका वयस्कर गृहस्थांशी बोलणं झालं. मी मोडकं कन्नड बोललो, ते मोडकं हिंदी. आमच्या मिरजेत कन्नड कानावर पडतच असतं, त्यामुळं निभावलं. चित्रीकरणाच्या दिवसांविषयी सांगताना ते सारखे ‘नावु’ म्हणत होते. नावु म्हणजे आम्ही. आम्ही गर्दीत उभे राहिलो, आम्ही अंगण दिलं, आम्ही पाणी भरलं. पडद्यावरच्या नटांची नावं जगाला ठाऊक आहेत. पण मालगुडी उभी राहिली ती या ‘नावु’वर. हा शब्द पुढं म्हैसूरला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात फिरत राहिला.

शृंगेरी, कोप्प, चिकमगळूर, हासन असा वळसा घेऊन आम्ही चौथ्या दिवशी म्हैसूरला आलो. नारायण यांचं यादवगिरीतलं घर पाहिलं. हे घरही २०११ च्या सुमाराला पाडलं जाणार होतं. लोकांनी आवाज उठवला, सरकार जागं झालं आणि २०१६ साली तिथं संग्रहालय झालं. शांत, उजेडाचं, खिडक्यांचं घर. नारायण गेले २००१ साली, लक्ष्मण २०१५ साली पुण्यात गेले, कार्नाड २०१९ साली. मालगुडीची माणसं एकेक करून गेली, पण त्यांच्या जागा राहिल्या आहेत. म्हैसूरचं आपल्या रेडिओशीही नातं आहे. १९३५ साली प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी याच शहरात खासगी नभोवाणी केंद्र सुरू केलं आणि ‘आकाशवाणी’ हे नाव त्या केंद्रामुळं रुळलं. आज ज्या नावाखाली मी बोलतो आहे, ते म्हैसूरचं देणं आहे.

आता मुद्द्यावर येतो. म्हैसूरला येण्याचं माझं दुसरंही कारण होतं. त्याविषयी मी मुलाला वाटेत बोललो नव्हतो.

‘मालगुडी डेज’नंतर थोड्याच वर्षांनी दूरदर्शनवर ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ ही मालिका आली. भगवान गिडवानी यांच्या १९७६ सालच्या कादंबरीवर आधारलेली, संजय खान यांची. १९९० ते १९९१ या काळात ती दाखवली गेली. तिच्यावरून वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मालिका काल्पनिक आहे, टिपूच्या खऱ्या जीवनाशी आणि कारभाराशी तिचा संबंध नाही, अशी सूचना दाखवूनच ती प्रक्षेपित झाली. आमच्या घरात तेव्हा नवा टीव्ही आला होता. ती सूचना वडील चष्मा लावून वाचायचे आणि म्हणायचे, “सगळं खोटं आहे म्हणे.”

पण त्यातली एक गोष्ट खोटी नव्हती. ८ फेब्रुवारी १९८९ ला म्हैसूरच्या हुणसूर रस्त्यावरच्या प्रीमियर स्टुडिओत या मालिकेचं चित्रीकरण सुरू असताना आग लागली. ६२ माणसं गेली. आगीची कारणं पुढं सांगितली गेली, ती ऐकायला फार साधी आहेत. सैल वायरिंग. हवा खेळायला झरोके नाहीत. भिंतींना न जळणारं काही लावायचं, तिथं गोणपाट. वर मोठमोठ्या दिव्यांची धग. आणि आग विझवायला यंत्रणा नाही, वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या. संजय खान स्वतः गंभीर भाजले. वर्षभराहून अधिक काळ ते रुग्णालयात होते, सत्तरहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. ते वाचले, मालिका पूर्ण झाली, गाजली. आम्ही ती दर आठवड्याला पाहिली. महालातला झगमगाट पाहिला. तो झगमगाट कुणाच्या जिवावर उभा राहिला, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही. मी विशीच्या आतबाहेरचा होतो, कविता करत होतो आणि स्वतःला संवेदनशील समजत होतो.

पाचव्या दिवशी सकाळी आधी श्रीरंगपट्टणला गेलो. ४ मे १७९९ ला टिपू सुलतान लढताना पडला. त्याचा देह जिथं सापडला तिथं आजही दगड उभा आहे आणि त्यावर तसं कोरलेलं आहे. थोड्या अंतरावर गुंबज, तिथं टिपू आईवडिलांच्या शेजारी निजला आहे. दोनशेहून अधिक वर्षं झाली, तरी कुणीही जाऊन सांगू शकतो की तो नेमका इथं पडला.

तिथून म्हैसूरला परत येऊन आम्ही रिक्षा केली. गाडी मुद्दाम हॉटेलवर ठेवली, कारण पत्ता विचारत जायचं होतं. रिक्षाच्या मागच्या काचेवर शंकर नाग यांचं चित्र होतं. मी म्हटलं, “प्रीमियर स्टुडिओ.” चालक तरुण होता. त्यानं विचारलं, “तसं थिएटर आहे का, सर?” स्टँडवर एक पांढऱ्या केसांचा रिक्षावाला उभा होता. तरुणानं त्याला हाक मारून विचारलं. म्हातारा आमच्याकडं बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “तुमचं कुणी होतं का त्यात?”

मी नाही म्हटलं. त्यानं तरुणाला रस्ता समजावून सांगितला.

स्टुडिओ कधीचाच बंद झाला आहे. आम्ही उतरलो तिथं वाहतूक होती, दुकानं होती, शाळेतून सुटलेली मुलं होती. मला तरी कुठं नावांची पाटी किंवा साधा दगड दिसला नाही. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून फातेहा वाचला. फातेहा कुणाचं नाव-गाव विचारून वाचायचा नसतो. मुलानंही हात पुढं धरले. रिक्षावाल्या पोरानं इंजिन बंद केलं.

परतताना मुलगा म्हणाला, “अब्बा, परवा मी म्हणालो ना, नसलेल्या गावाचं म्युझियम... ते चुकलं माझं. म्युझियम असू दे. पण मग याचं का नाही?”

श्रोतेहो, या प्रश्नाचं उत्तर मी परतीच्या वाटेवर शोधत होतो. आठवण आपोआप टिकत नाही. तिला कुणीतरी राखणारं लागतं. मालगुडीला जॉन देवराज मिळाले, रेल्वे मिळाली. नारायण यांच्या घराला वाचक मिळाले. शंकर नाग यांना अरुंधतीबाई मिळाल्या आणि हजारो रिक्षावाले मिळाले. टिपूला इतिहास मिळाला आणि वादही मिळाला. वादसुद्धा आठवण राखतोच. त्या ६२ जणांना मात्र फक्त त्यांच्या घरची माणसं मिळाली. त्यांच्याविषयी वाद करण्यासारखं काही नव्हतं आणि मिरवण्यासारखंही काही नव्हतं.

दूरदर्शनचा इतिहास आपण लिहितो तेव्हा गुजरातच्या उंबरगावी ‘रामायण’ कसं घडलं, गोरेगावच्या चित्रनगरीत ‘महाभारत’ कसं घडलं, हे आवडीनं सांगतो. उंबरगाव तर आपल्या पालघरच्या हद्दीला लागून आहे. या जागा पाहायला जरूर जावं. अरसाळूला जावं, आगुंब्यात कषाय प्यावा. पण त्याच यादीत म्हैसूरचा तो हुणसूर रस्ताही असावा, असं मला वाटतं. तिथं पाहण्यासारखं काही नाही, हे खरं. पण मालिका म्हणजे फक्त नट आणि धून नव्हे, तर दिवे चढवणारे, पडदे शिवणारे, गर्दीत उभे राहणारे, वायरी ओढणारे ‘नावु’, हे त्या रस्त्यावर कळतं. आणि कुठल्याही मांडवात, सभागृहात, स्टुडिओत शिरताना बाहेर पडायचं दार कुठं आहे आणि भिंतींना काय लावलंय, हे बघायची सवयही तिथून लागते. मला लागली आहे.

मिरजेला परत आलो त्या रात्री मुलानं मोबाइलवर ‘मालगुडी डेज’चा एक जुना भाग लावला. भाग संपला, धून सुरू झाली आणि नावांची यादी वर सरकू लागली. काकूंच्या घरी याच वेळी आम्ही चपला शोधायला धावायचो. मी सवयीनं उठायला लागलो, तर मुलानं माझा हात धरला आणि म्हणाला, “बसा ना अब्बा, नावं चालली आहेत.” चित्र जुनं, अक्षरं पुसट. त्यानं भाग पुन्हा मागं घेतला आणि एकेक नाव थांबवून वाचायला सुरुवात केली.